दिंद्रुडला अडलेलं विमान

स्वतःच्या लग्नाला विमानातून जाणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच, आणि आईचं चाललं असतं तर शेवटचाही. हैदराबादच्या कचेरीतल्या साहेबांनी रजा दिली ती लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. रेल्वेनं औरंगाबाद वेळेत गाठणं शक्यच नव्हतं. सकाळी टपालाच्या थैल्या घेऊन निघालेल्या एका छोट्या विमानात कशीबशी जागा मिळाली. मुंडावळ्यांची पेटी मांडीवर घेऊन मी बसलो. गोरज मुहूर्त होता. दुपारपर्यंत पोचू, निवांत आंघोळ करू, असा माझा बेत.

बीड जिल्ह्यावर आलो आणि वैशाखातली धूळ अशी उठली की समोरचं काही दिसेना. मुख्य वैमानिक, ज्यांना सगळे कॅप्टनसाहेब म्हणत, मोठे अबोल गृहस्थ. त्यांनी दिंद्रुडजवळच्या, ज्वारी काढलेल्या रानात विमान उतरवलं. बघता बघता गाव गोळा झालं. धाकटे वैमानिक युसुफमियाँ मात्र बोलके. शेपटाची हलती फळी दाखवून ते लोकांना समजावू लागले, "ये नहीं हिली, तो जहाज उठताच नहीं."

रानाचे मालक बसलिंगआप्पा पुढे आले. गळ्यात लिंग, कपाळी भस्म. गावात किराण्याचं दुकान. म्हणाले, "जेवल्याबिगर जायचं न्हाई. सैपाक व्हायलाय."

"धूळ बसली की निघणार," कॅप्टनसाहेब म्हणाले.

धूळ लवकरच बसली. आम्ही आत चढलो. उडण्याआधी शेपटाची फळी हलवणारा दांडा मागेपुढे करून पाहायचा, हा कॅप्टनसाहेबांचा नेम. दांडा हलेना.

"जरा जड असेल, वर गेल्यावर सुटेल," मी म्हणालो. विमानातलं मला काही कळत नव्हतं, पण मुहूर्त माझा होता.

"तुम्हाला लग्नाला पोचायचंय ना? मग खाली उतरा."

उतरून शेपटाकडे गेलो तर आप्पा तिथं सावलीला उभे. कॅप्टनसाहेबांनी फळीला हात लावला आणि ती सुपासारखी सहज हलली. आतून युसुफमियाँ ओरडले, "साब, अब तो मक्खन है!"

मी पेटी उचलली. कॅप्टनसाहेबांच्या कपाळाची आठी मात्र गेली नाही. "अडकलं होतं ते कळलं. सुटलं कसं ते कळलं नाही. ते कळेपर्यंत विमान जागचं हलणार नाही."

मग दोघांनी झाकणं उघडून एकेक तार हातानं चाचपायला सुरुवात केली. गावाकडून सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी करडईचं तेल आणलं. एका म्हातारीनं "नजर लागली हाय" म्हणत पंख्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. कॅप्टनसाहेबांनी तिला अडवलं नाही, यावरून ते किती हैराण झाले होते ते कळावं.

"तवर जेवून घ्या," आप्पा म्हणाले.

जेवलो. ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) आणि वर आमरस. तिकडे नवरी हळद लावून बसली असेल आणि मी इथं येसर भुरकत होतो. मला अगदी रडू येत होतं. जेवण झालं, पुन्हा तपासणी झाली, ऊन कललं; कॅप्टनसाहेबांची मान आडवीच.

अख्ख्या गावात निश्चिंत असे एकटे आप्पाच होते. त्यांचं ते तृप्त तोंड पाहून मला माझा मामा आठवला. पाहुणा न जेवता निघतो म्हणाला की मामा त्याच्या बैलगाडीच्या चाकाची खीळ लपवून ठेवायचा. मी आप्पांना बाजूला नेलं.

"आप्पा, काय घातलं होतंत?"

"कशात?"

"आप्पा, आज गोरज मुहूर्तावर माझं लग्न आहे."

आप्पांचा चेहरा पडला. "आन् हे आदी कावून न्हाई सांगितलं?" असं माझ्यावरच डाफरत त्यांनी बंडीच्या खिशातून बाभळीची पाचर काढली. "पावना उपाशी जाऊ नये मनून फळीखाली सारली व्हती. तुमी उतरलात की काडली. पर सायेब तारा मोजाय लागले, मग सांगायची लाज वाटली."

कॅप्टनसाहेबांनी ती पाचर फळीखाली घालून दांडा हलवून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा घालून पाहिला. मग पहिल्यांदाच हसले. "आता निघू या."

"नवरदेव मनल्यावर केळवन कराया पायजे," आप्पा पुटपुटले. युसुफमियाँनी घाईघाईनं दार लावलं. "नवरीला घिऊन या," खालून त्यांचा आवाज आला. "आणतो!" मी आतून ओरडलो.

मंडपात शिरलो तेव्हा भटजी अंतरपाट झटकत होते. आंघोळ राहिलीच. बाशिंगाखाली दिंद्रुडची धूळ तशीच घेऊन मी उभा राहिलो.

शब्द दिला होता म्हणून बायकोला घेऊन परतताना रेल्वे सोडून भाड्याच्या मोटारीनं बीडमार्गे आलो. आप्पांकडे पोटभर जेवलो. आप्पा लई खूश. त्यांची बायको तेवढी माजलगावला गेलेली, येईलच म्हणाले. उशीर होतोय म्हणून आम्ही निघालो, तर मोटार सुरू होईना. ड्रायव्हरनं झाकण उघडून डोकं आत घातलं.

"काय बिघडलं?" बायकोनं घाबरून विचारलं.

मी ओसरीकडे पाहिलं. आप्पा आढ्याकडे बघत पान जुळवत होते. दोन माणसं स्वतःच्या जिवाला जपत दुपारभर तारा चाचपत बसली, आणि एक माणूस आमच्या पोटाला जपत पाचर खिशात घालून बसला; त्या तिघांनी मिळून मला मंडपात धड पोचवलं होतं. मी वहाणा काढल्या.

"काही नाही," मी म्हणालो. "तुझी ओटी भरायची राहिलीय."