वेलचीच्या वासाची थ्री नॉट थ्री

आमच्या घरातला चहा सलग तीन आठवडे बंदुकीच्या मदतीने होत होता, हे मला चौथ्या आठवड्यात कळलं.

तोपर्यंत मी त्या चहाची तारीफ करत होतो. "आई, असा चहा सगळ्या टेक्सासात मिळायचा नाही!" असं मी सासूबाईंना रोज सांगायचो. (ते अक्षरशः खरं होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.) सकाळी स्वयंपाकघरातून ठक्‌ ठक्‌ ठक्‌ असा आवाज यायचा, मागोमाग आलं-वेलचीचा घमघमाट, आणि मी गादीवर पडल्या पडल्या म्हणायचो, वा!

पण आधी बंदुकीचं सांगायला हवं.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर लोक घर घेतात, मोठी गाडी घेतात. मी थ्री नॉट थ्री रायफल घेतली. (व्हिसावर असेपर्यंत बंदुकीच्या वाटेला जायची सोय नव्हती. तेवढी वर्षं मी फक्त बघून घेतलं.) हसू नका. कॉलेजात एन.सी.सी.त असताना असलीच एक रायफल माझ्या हातून परेडमध्ये, प्रमुख पाहुण्यांच्या समोर, धाडकन खाली पडली होती. तेव्हापासून आमच्यात काहीतरी अर्धवट राहिलं होतं.

ती मला विकली रॉयने. रॉय हा आमच्या शुगर लँडपासून तासाभरावरच्या नेमबाजीच्या रेंजवर भेटलेला म्हातारा. आयुष्य तेलाच्या रिगवर मेकॅनिकची कामं करण्यात गेलेलं, बायको वारलेली, मुलगी लांब ओहायोत. त्याच्या तरुणपणी म्हणे सैन्यातून निघालेल्या जुन्या रायफली दुकानात पिंपात छत्र्यांसारख्या उभ्या असायच्या. त्यातली एक त्याने उचलली, ती ही.

काय चीज आहे, काय सांगू! नवीन बंदुका बघा, काळं प्लास्टिक, हातात घेतल्यावर व्हॅक्यूम क्लीनर धरल्यासारखं वाटतं. हिचा दस्ता अस्सल लाकडाचा, शंभर हातांच्या घामाने काळपट झालेला. त्यावर कुणा शिपायाने खिळ्याने एक इवलंसं त्रिशूळ कोरलंय. कोण असेल तो, कुठे गेला असेल, घरी परतला असेल का, देव जाणे. आणि धातूवर ठसा आहे: इशापूर. आपल्या बंगालातलं इशापूर! म्हणजे बाईसाहेब माझ्यासारख्याच, जन्म तिकडचा आणि मुक्काम टेक्सास. तो ठसा पहिल्यांदा बघितला तेव्हा माझा गळा दाटून आला, खोटं कशाला बोलू. (मंजिरी म्हणाली, "आपल्या लग्नात नव्हता आला तो.")

आणि तिचा तो बोल्ट! मागे गोल मुठीचा जाडजूड लोखंडी दांडा असतो ना, तो. वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. प्रत्येक गोळीला हे चार हात स्वतः करायचे. खट्‌-सर्र-सर्र-खट्‌! इतका सुरेख आवाज की रेंजवर मी रिकाम्या बंदुकीवर नुसता तोच ऐकत बसायचो.

विकताना रॉयने एक अट घातली होती. "मिलंड," तो म्हणाला (मिलिंद त्याला शेवटपर्यंत जमलं नाही), "दर वर्षी माझ्या वाढदिवसाला ही घेऊन यायचं. मी पाच गोळ्या झाडणार. बाकी वर्षभर तुझी." मी शब्द दिला. दोन वर्षं पाळलाही. या वर्षी वाढदिवस शनिवारी आला आणि त्याआधी रॉयचा फोन आला. मुलगी सोमवारी त्याला ओहायोला घेऊन चालली होती, कायमचं.

"तेव्हा या खेपेला उशीर नको करूस," तो म्हणाला.

दुसरी अट मंजिरीची. रायफल तिजोरीत राहील, पण बोल्ट तिच्या ताब्यात. "बोल्ट नसला की ती काठी. काठीशी तू काय वाट्टेल ते कर." बोल्ट कुठे ठेवते हे मला सांगायचं नाही असंही ठरलं. आणि तिसरी अट, सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्यावरची: आईला यातलं अक्षरही कळता कामा नये. "तिला बीपी आहे. घरात बंदूक म्हटल्यावर ती पुढच्या फ्लाइटने परत जाईल."

शनिवारी सकाळी मी जय्यत तयारीत. मंजिरी बोल्ट आणायला आत गेली आणि पांढरीफटक होऊन बाहेर आली.

"मिलिंद, नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"सोऱ्याच्या डब्यात ठेवला होता. सोऱ्या आहे, चकत्या आहेत, बोल्ट नाही!"

"चकलीच्या सोऱ्यात? बोल्ट?"

"तू चकल्या करायला घेणार नाहीस हे बारा वर्षांत सिद्ध झालंय! त्याहून सेफ जागा कुठली?"

दहा वाजता रॉय रेंजवर येणार, आणि आम्ही दोघं ओट्याखाली गुडघ्यांवर रांगत डबे उपसतोय! तेवढ्यात मागून सासूबाई.

"काय शोधताय जावईबापू?"

आता बंदुकीचं नाव काढायची सोय नाही. मंजिरी डोळे वटारतेय. माझ्या तोंडून निघून गेलं, "सोऱ्या! चकल्या खाव्याशा वाटतायत."

"अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं!" म्हणत सासूबाईंनी पदर खोचला, कढई चढवली, तांदूळ भाजायला घेतले आणि माझ्या हातात उलथनं दिलं. "हलवत राहा. करपू द्यायचं नाही."

साडेआठ वाजले. जगाच्या पाठीवर त्या घडीला रायफल झाडायला निघालेला आणि भाजणी भाजणारा असा इसम मी एकटाच असेन! मंजिरी कपाटात डोकं घालून शोधतेय, रॉय बहुतेक शर्टाची बटणं लावतोय, आणि मी तांदूळ हलवतोय. तांदूळ झाले, डाळ आली. शेवटी माझा धीर सुटला.

"आई, सोऱ्याच्या डब्यात अजून एक वस्तू होती. लोखंडी. लांबट. एका बाजूला गोल मूठ..."

"तो बत्ता होय!" सासूबाई सहजपणे म्हणाल्या.

कपाटातून धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज आला. (मंजिरी होती.)

"बत्ता?"

"मग काय! तुमच्या घरात खलबत्ता नाही, काही नाही. मिक्सरात आलं फिरवून चहा होतो का कधी? हा मात्र छान आहे हो. मुठीने वेलची कशी एका फटक्यात फुटते!"

ते तीन आठवड्यांचं ठक्‌ ठक्‌ माझ्या डोक्यात एकदम वाजलं. वा म्हणालो होतो मी! गादीवर लोळत वा म्हणालो होतो!

"आता कुठे आहे तो?"

"देशपांडे काकूंकडे दिलाय. आज मंडळात साठ माणसांचं श्रीखंड आहे ना, वेलची कुटायला."

गॅसवर डाळ होती म्हणून मंजिरी घरी थांबली. सासूबाई मात्र, "तुम्ही तिथे काहीतरी वेड्यासारखं बोलाल," म्हणत चपला घालून गाडीत येऊन बसल्या. डिकीत मी केसमध्ये रायफल ठेवली होती. ती गोल्फची बॅग आहे असं मी त्यांना न विचारताच सांगितलं.

देशपांडे काकू दारातच म्हणाल्या, "अय्या, नेताय? अजून जायफळ व्हायचंय!"

"काकू, प्लीज. अर्जंट आहे."

"बत्त्याचं काय अर्जंट असतं बाई?"

मी ओट्यावरून बोल्ट उचलला आणि पळालो. (त्या दिवसापासून मंडळात माझी ख्याती आहे की हा माणूस साधा बत्ता वापरायला देत नाही.) घड्याळात सव्वानऊ. सासूबाईंना घरी सोडून जायला वेळच नव्हता.

"आई, वाटेत एका मित्राला भेटायचंय. तुम्ही गाडीत बसा, एसी चालू ठेवतो."

"बरं," त्या म्हणाल्या. सबंध तास त्यांनी रस्त्याकडेच्या गाई बघितल्या आणि एक शब्द विचारला नाही. रेंजची पाटी आली, लांबून ठो ठो ऐकू यायला लागलं. मी चोरून त्यांच्याकडे पाहिलं. बीपीचं लक्षण काही दिसेना. उलट मी गाडी लावली तशा त्याच आधी उतरल्या.

रॉय बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, वर्षभरात निम्मा झालेला. हात इतके थरथरत होते की कॉफीचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता. मला बघून तो हसला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाने आपली सगळ्यात लाडकी वस्तू माझ्या हवाली केली, आणि मी तिचं श्रीखंड केलं!

मी बोल्ट त्याच्या हातात दिला. त्याने तो नाकाशी नेला. पुन्हा नेला.

"मिलंड," तो म्हणाला, "याला कसला वास येतोय?"

मी सगळं ओकलो. सोऱ्या, चहा, काकू, साठ माणसं. रॉय ऐकत होता. हसतही नव्हता, रागावतही नव्हता. नुसता तो बोल्ट उन्हात धरून जवाहिऱ्यासारखा सगळ्या बाजूंनी निरखत होता. मग त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

"हे तेल कुठलं लावतोस तू?"

"मी... तेल..."

"घी," मागून सासूबाईंचा आवाज आला. त्यांनी पुढे येऊन रॉयला नमस्कार केला आणि आपल्या खास इंग्रजीत खुलासा केला, "डेली वॉश. गॅस ऑन, ड्राय. देन घी, लिटल. व्हेरी लिटल! नो रस्ट."

रॉयने बोल्ट रायफलीत बसवला. खट्‌-सर्र-सर्र-खट्‌! माझ्या हातून जो आवाज यायचा, तो याच्यापुढे करकर होती. त्याने पुन्हा केलं. "चाळीस वर्षांत ही इतकी मऊ चालली नव्हती," तो म्हणाला, आणि उठून उभा राहून सासूबाईंपुढे टोपी काढली.

मी मराठीत कुजबुजलो, "आई, ही बंदूक आहे. तुम्हाला... म्हणजे घाबरू नका."

"बंदूक आहे ते दिसतंय मला. माझे वडील हवालदार होते, शस्त्रागारावर ड्यूटी. असले शंभर बोल्ट ते अंगणात पुसत बसायचे आणि आम्ही पोरं चिंध्या फाडून द्यायचो."

"म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघं एवढ्या हौसेनं लपवत होतात, म्हटलं लपवू देत. शिवाय दाराच्या फटीतून तुमची बंदुकीची साफसफाई बघितली मी. वडील असते तर तुम्हाला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या! म्हटलं, तो बोल्ट आपल्याकडेच राहिलेला बरा. आणि घरात खरंच बत्ता नव्हता."

रॉय बाकाला टेकला. मी पाच गोळ्या मोजून दिल्या. भरताना एक गोळी दोनदा खाली पडली. पण दस्ता खांद्याला लागला, मूठ हातात आली, आणि काय सांगू तुम्हाला, थरथर गेली! हाताला सगळं पाठ होतं. ठो! खट्‌-सर्र-सर्र-खट्‌. ठो! पाचही वेळा तसंच. सासूबाई कानांवर हात ठेवून एकटक बघत होत्या. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते धुराच्या नावावर खपवलं. पाचवी झाल्यावर मी टार्गेट बघायला निघालो तर रॉय म्हणाला, "राहू दे. मला आवाजच ऐकायचा होता."

मग त्याने खिशातून पितळेची एक छोटी तेलाची कुपी काढली, रायफलीबरोबर आलेली, तिच्याच वयाची. दोन वर्षं मी ती मागत होतो. मी हात पुढे केला. त्याने ती माझ्या हातावरून पलीकडे नेऊन सासूबाईंना दिली.

"मी ही माझ्या माहितीतल्या सगळ्यात चांगल्या माणसाला विकली असं समजत होतो," तो मला म्हणाला. "जरा घाई झाली."

तो सोमवारी ओहायोला गेला. अधूनमधून त्याचा फोन येतो. तब्येतीचं सांगतो आणि लगेच म्हणतो, "आईला दे." ते दोघं काय बोलतात ते मला समजत नाही, पण 'घी' हा शब्द बऱ्याचदा येतो.

सध्याची व्यवस्था अशी: रायफल माझ्या नावावर, तिजोरीची किल्ली मंजिरीकडे, बोल्ट आणि कुपी सासूबाईंकडे. मला बोल्टला हात लावायची परवानगी फक्त रविवारी, त्यांच्या देखरेखीखाली आहे. चहासाठी मी शुगर लँडभर हिंडून दगडी खलबत्ता आणला आणि रोज सकाळी आलं कुटायचं काम मला लागलं. पहिल्या दिवशी पहिल्याच घावाला आल्याचा तुकडा उडून थेट फ्रिजवर गेला. दुसरा खिडकीबाहेर.

आतून सासूबाई ओरडल्या, "जावईबापू, नेम धरून!"