तळ का लपवला

कॅमेरा मी माझ्या पगारातून घेतला. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, पहिली कचेरीतली नोकरीही माझी; एवढी हौस मी करणारच. भिंग वेगळं, पिशवी वेगळी. आणि त्या कॅमेऱ्याने काढलेल्या पहिल्याच कामाच्या फोटोने अप्पांना लबाड ठरवलं.

अप्पा इथे कुंभकोणमला पितळी समया घडवतात. जन्मभर दुकानदारासाठी घडवल्या, ही पहिली स्वतःच्या नावाने. बंगळुरूच्या एका भजनमठाच्या कारभाऱ्यांनी फोटो मागितला होता, पसंत पडली तर घेणार होते. मी तिरप्या उन्हात समई ठेवली, शेंड्यावरचा हंस लख्ख टिपला आणि खालचं सगळं धूसर करून टाकलं. देखणा फोटो. अजूनही म्हणते, देखणा.

कारभाऱ्यांचं इंग्रजीतलं उत्तर मी अप्पांना सांगितलं: फोटो छान, पण तळ का लपवला? वाकडा आहे का?

"मी काय लपवलं ग?" अप्पांचा चेहरा उतरला.

"लपवलं नाही, अप्पा. फोटो असाच काढतात."

"मग तो तुझ्यापाशी ठेव. माझी समई दाखव त्यांना."

दुसऱ्या दिवशी रणरणत्या दुपारी, अंगणात, मोबाइलने. अप्पांचे हुकूम सुरू. फूटपट्टी लाव. सांधा उघड, आटे दिसू देत. आता पालथी घाल. पॉलिश इतकं चकचकीत की प्रत्येक फोटोत माझं वैतागलेलं तोंड आणि मागे दोरीवरची साडी.

"आई, ती साडी काढ ना!"

"वाळू दे की. ते समई घेणार का साडी?"

मग अप्पांनी वाटीच्या खाली बोट ठेवलं. ओतकामात राहिलेला टाचणीच्या डोक्याएवढा खळगा. "हा पण काढ."

"स्वतःची खोट कोणी दाखवतं का?"

"हातात घेतल्यावर दिसणारच आहे त्यांना."

काढला. व्हायचं तेच झालं. कारभाऱ्यांनी विचारलं, यातून तेल गळेल का? मी कपाळावर हात मारला. अप्पांनी शांतपणे वाटी पाण्याने भरली, खाली वर्तमानपत्र अंथरलं. "आता व्हिडिओ काढ. थांबवू नको."

दहा मिनिटं. मी, बी.कॉम. पहिला वर्ग, भर उन्हात कोरड्या कागदाचा व्हिडिओ काढत उभी. हात भरून आला. मधे कावळा ओरडला, आईने कुकरची शिट्टी झाली म्हणून हाक मारली, तेही सगळं त्यात आलं. "पुरे ना, अप्पा?" "थांब."

संध्याकाळी उत्तर आलं. दोनच शब्द होते.

"काय म्हणतात?"

"पाठवून द्या म्हणतात."

अप्पा गोणपाट शोधायला उठले, दारापर्यंत जाऊन परत आले. "पुन्हा वाच."

मी वाचलं.