बदामाचा एक्का

परवा नातवाने पत्त्यांचा नवा जोड उघडला. त्या कोऱ्या वासासरशी मला भोरची आमची ओसरी आठवली. तेव्हा भोर संस्थान होतं आणि माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मामंजी वकील होते; ब्रिजला चौथा भिडू मिळेना, म्हणून त्यांनी मला तो शिकवला. एका रविवारी दुपारी त्यांनी पाहुण्यांसमोर पहिल्यांदाच मला आपली भिडू म्हणून बसवलं. विरुद्ध मामलेदार आणि नसरापूरचे डॉक्टर होते.

मामंजींनी बोली तीन बिनहुकुमीपर्यंत चढवली आणि डाव माझ्याकडे आला. "सूनबाई, आधी सगळा डाव मनात खेळून बघा," ते म्हणाले. डॉक्टरांनी बदाम टाकला. रीतीप्रमाणे मामंजींनी आपली पानं उघडी मांडली; आता दोन्ही हात मलाच खेळायचे होते. त्यांत किलवरची लांब रांग होती आणि बदामाचा एक्का. बदामाचा राजा माझ्या हातात होता, तरी घाईने मी समोरचा एक्काच खेळले. थोड्या वेळाने कळलं, त्या किलवरांपर्यंत पोचायची तो एक्का हीच एक वाट होती आणि ती मीच बंद केली होती. डाव बुडाला.

"कुठं चुकलं हो?" मामलेदारांनी हसत विचारलं.

"बोलीच जास्त झाली होती," मी म्हणाले.

मामंजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "हो, माझंच चुकलं," म्हणत ते पत्ते पिसू लागले.

पुढे डॉक्टर गावभर सांगत, वकीलसाहेबांच्या बोलीला भिऊ नका. मामंजी त्यावरही हसायचे. त्यानंतर बारा वर्षं आम्ही एका घरात राहिलो. रोज सकाळचा चहा मीच त्यांना नेऊन देत असे. चूक माझी होती, एवढं मात्र मी कधी बोलले नाही.