डोळ्यात नसलेलं कुसळ

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मी घरात काळा चष्मा लावून बसले होते आणि तुम्ही दोघं मुलं पोट धरून हसलात. तेव्हा मी 'डोळ्याला जरा लागलंय' एवढंच सांगितलं. आता सविस्तर लिहिते. यात शहाणपणाचा भाग थोडा आहे आणि माझ्या फजितीचा जास्त, आणि फजिती फोनवर नीट सांगता येत नाही.

नेकनूरजवळच्या आपल्या शेतात थंडीत हुरडा होतो. ज्वारीची कोवळी कणसं आगटीत, म्हणजे खड्ड्यातल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायची, तळहातावर चोळून गरम दाणे चटणीबरोबर खायचे. कणसं मोडून आणायला माणसं होती, पण एकसारखी कणसं निवडावीत म्हणून मी स्वतः पिकात शिरले. वाकले, आणि ज्वारीचं पान उजव्या डोळ्यावरून सर्रकन फिरलं. या पानाची कड करवतीसारखी असते.

माझ्या डाव्या डोळ्यात लहानपणापासून फूल आहे, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग. त्या डोळ्याला उजेड कळतो, अक्षर कळत नाही. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, हजारो वह्या तपासल्या, तुमचे फोटो पाहिले, ते सगळं उजव्या डोळ्याच्या जिवावर. तोच आता घट्ट मिटून पाणी गाळत होता.

आगटीभोवती लगेच सल्ले सुरू झाले. कुणी पदराची गरम फुंकर सांगितली, कुणी गुलाबपाणी, तर कुणी कांद्याचा रस. थोरल्या जाऊबाई मात्र थेट समोर येऊन बसल्या. डोळ्यातलं कुसळ जिभेच्या टोकानं काढण्यात त्यांचा हात, खरं तर जीभ, कुणी धरू शकत नाही. आजूबाजूच्या गावांतून माणसं त्यांच्याकडे येतात.

"वर बघ. एका फिरकीत काढते."

मी मागे सरकले. जिभेवर जंतू असतात, असं मी त्यांना समजावू लागले.

"माज्या जिभेवर जंतू, आन् तुज्या औषधाच्या डब्यात देव बसलेत का, मॅडम?" त्या म्हणाल्या. मी त्यांची धाकटी जाऊ, पण चिडल्या की त्या मला मॅडम म्हणतात.

घरी आल्यावर मी माझा औषधांचा डबा काढला. तुम्हाला माहीत आहे, त्यात प्रत्येक बाटलीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी असते. 'डोळा, उजवा' अशी चिठ्ठी असलेली बाटली होतीच. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे थेंब उरले होते. डोळा तोच, औषध डॉक्टरांनीच दिलेलं, मग शंका कशाची? दोन थेंब टाकले आणि आपण किती व्यवस्थित आहोत, या समाधानात पडून राहिले.

सकाळी डोळा उघडेना. खिडकीतला उजेड सुईसारखा टोचत होता. जाऊबाईंनी एकदा पाहिलं, माझ्या चपला पायाशी आणून ठेवल्या, आणि आम्ही बीडला निघालो. थेंबांची बाटली मी बरोबर घेतली.

डॉक्टर माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. तिनं डोळा बधिर करणारा थेंब टाकला आणि दुखणं जादूसारखं थांबलं. मी ती बाटलीच घरी न्यायला मागितली. ती हसली आणि नाही म्हणाली. हे औषध दुखणं झाकतं, पण घरी टाकत राहिलं तर जखम भरूच देत नाही. मग तिनं जखमेवर चढणाऱ्या रंगाची एक पिवळी कागदी पट्टी डोळ्याच्या कडेला टेकवली, निळा उजेड पाडला आणि फोनवर फोटो काढून आम्हाला दाखवला. बुबुळावर नखानं ओढल्यासारखी हिरवी रेघ चमकत होती.

"कुसळ कुटं हाय यात?" जाऊबाईंनी विचारलं.

"कुसळ नाहीच, आजी. बुबुळावरचा पातळ थर खरवडला गेलाय. तेवढ्यानंही आत काहीतरी खुपतंय असंच वाटत राहतं."

म्हणजे आम्ही सगळे आदल्या दिवशी नसलेलं कुसळ काढायला निघालो होतो. डोळा चोळून, पुसून किंवा चाटून तो ओरखडा फक्त वाढला असता. जाऊबाई खाली बघू लागल्या. मला जरा बरं वाटलं, हे कबूल करते. पण लगेच डॉक्टरनं माझी बाटली हातात घेतली आणि तिचा चेहरा बदलला. हे थेंब सूज उतरवणारे आहेत, ती म्हणाली. पानाचा ओरखडा असताना ते टाकले तर डोळ्याची लढायची ताकद कमी होते आणि बुरशीला वाट मिळते. बुरशी धरली तर फूल पडतं. शिवाय बाटली फोडून कितीतरी महिने झाले होते.

फूल हा शब्द ऐकला आणि माझा हात आपोआप डाव्या डोळ्याकडे गेला.

आता जाऊबाईंकडून 'मॅडम' ऐकावं लागणार, अशी मी तयारी केली. पण त्या डॉक्टरला म्हणाल्या, "ही वाचता येऊन चुकली, बाई. मी तर न वाचताच चुकले असते. आता काय करायचं ते दोघींला सांगा."

तिनं सांगितलं: जंतू मारणारे नवे थेंब दिवसातून चार वेळा टाकायचे, डोळा चोळायचा नाही, पट्टी बांधायची नाही, उजेडात काळा चष्मा लावायचा आणि रोज दाखवायला यायचं. थेंब मला स्वतःला नीट टाकता येईनात. एक गालावर पडायचा, एक नाकावर. मग जाऊबाई साबणानं हात धुऊन, खालची पापणी ओढून, नेमका एक थेंब टाकायच्या. ओरखडा दिवसागणिक भरत होता, तरी मी रोज डाव्या डोळ्यावर हात ठेवून कॅलेंडर वाचून बघायची.

चौथ्या दिवशी निळ्या उजेडात रेघ नव्हती. डॉक्टरनं बराच वेळ पाहिलं. बुरशीची खूण नाही, ती म्हणाली, फक्त लाली किंवा अंधुकपणा आला तर लगेच यायचं.

बीडच्या स्टँडवर आलो, तर मी तिथंच थांबले. गेवराई, परळी, केज, अंबाजोगाई... येईल त्या एसटीची पाटी वाचत सुटले, खालची बारीक अक्षरंसुद्धा. जाऊबाईंनी तोवर आमच्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली होती.

"समद्या गावाला जायचंय का तुला?" त्या खिडकीतून म्हणाल्या. "वाचून झालं असंल तर चड आता."

मी चढले. कंडक्टरनं दिलेलं तिकीट फिकट छापलेलं होतं. मी ते पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत मोठ्यानं वाचलं, आणि जाऊबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.