फुप्फुसाची चरबी काढणाऱ्या साळवे मॅडम

साळवे मॅडम खाटकाच्या दुकानात मटण घ्यायच्या नाहीत, पाण्याची बादली मागायच्या. मेंढीच्या फुप्फुसाचा बोटाएवढा तुकडा कापून त्या बादलीत टाकायच्या आणि बघत उभ्या राहायच्या. तुकडा तरंगला तर ते फुप्फुस एका डब्यात, बुडाला तर दुसऱ्या. चांगल्या फुप्फुसात हवा असते म्हणून ते तरंगते, न्यूमोनिया झालेले भरून येते आणि तळाला जाते. हे त्यांनीच मला सांगितले. दोन्ही डब्यांत बर्फ असायचा. डबे लूनाच्या पुढ्यात ठेवून त्या कॉलेजवर यायच्या आणि मी ते उतरवून घ्यायची.

ही नगरमधली गोष्ट, नव्वद सालानंतरची. माझे मालक वारल्यावर मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागले. शिक्षण चौथी. मला माणसांशी बोलायला जमत नाही. तिथे बोलावे लागत नव्हते.

मॅडम पाथर्डीकडच्या. वडील दर साल ऊसतोडीला जायचे आणि तिकडेच कारखान्याजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, न्यूमोनियाने गेले. हे मॅडम एकदाच बोलल्या, नळी हलवता हलवता, आणि पुढचे काम सांगितले. त्या फुप्फुसातल्या चरबीवर पीएच.डी. करत होत्या. चरबीचे काम म्हणून चार वर्षे त्यांनी डोक्याला तेल लावले नव्हते. त्यांची आई एकदा आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "केस बघ गं जरा. केरसुनी झालीया. कोन करील तुला?"

"मेंढरं करतील," मॅडम म्हणाल्या. "ती केस बघत न्हाईत."

आईशी त्या अशा बोलायच्या. कॉलेजात पुस्तकासारख्या बोलायच्या.

त्या चरबीचे नाव स्फिंगोलिपिड. मला ते म्हणायला महिना लागला. मॅडम रोज सकाळी म्हणायला लावायच्या. म्हणायच्या, "ज्याच्या नळ्या धुता त्याचं नाव माहीत पाहिजे." त्यांनी कागदावर एक गोल काढून मला सांगितले होते. फुप्फुसात लाखो बारीक फुगे असतात. प्रत्येक फुग्याची भिंत पेशींची आणि प्रत्येक पेशीला चरबीचे पातळ कवच. त्या कवचात ही चरबी असते. जंतू आला की आधी कवचाला धरतो. मग त्या चरबीचा एक तुकडा तुटतो आणि दुसरीच चरबी तयार होते, तिला सेरामाइड म्हणतात. ती वाढली की पेशी मरायला लागते. "माझं म्हणणं एवढंच," त्या म्हणाल्या, "की आजारी फुप्फुसात हे सेरामाइड जास्त असणार. पण म्हणणं वेगळं आणि दिसणं वेगळं."

दिसायचे ते असे. फुप्फुस वाटून, औषधांच्या पाण्यात घोळून चरबी काढायची. मग ती अल्कलीत ठेवायची, म्हणजे साधी तेले-तुपे निघून जातात आणि ही चिवट चरबी उरते. तिचा ठिपका काचेच्या पांढऱ्या पट्टीवर द्यायचा, पट्टीचे खालचे टोक औषधात बुडवायचे म्हणजे चरबी वर चढते, आणि पट्टी शेवटी आयोडीनच्या पेटीत उभी करायची. थोड्या वेळाने पांढऱ्यावर तपकिरी डाग उमटतात. सेरामाइडचा डाग वरच्या बाजूला यायचा.

सगळ्याच्या आधी मॅडम एक रिकामी नळी घ्यायच्या. तिच्यात फुप्फुस नाही, काही नाही, पण सगळी कृती तशीच करायची. तिचा डाग यायला नको. आला तर नळीच घाण आहे. हा त्यांचा नियम होता आणि तो त्या कशालाही लावायच्या. स्टोअरचे भाऊसाहेब कोणाबद्दल काही सांगायला लागले की त्या म्हणायच्या, "भाऊसाहेब, रिकामी नळी लावून बघितली का?" भाऊसाहेबांना ते कळायचे नाही. ते हसायचे. ते सगळ्यालाच हसायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर कर्जतच्या रस्त्याला गेले होते. एका धनगराची मेंढरे खोकून मरत होती. मेलेल्याचे फुप्फुस काढू का, असे मॅडमनी विचारले. तो म्हातारा कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"ताई, मेलंय ते. त्याला आता काय औशिद देता?"

"त्याला न्हाई मामा. म्होरच्याला."

"म्होरचं कवा व्हायचं?"

"ते मला बी ठावं न्हाई."

"मग न्या," म्हातारा म्हणाला. "मागं एक डाक्टर आल्ता, तो म्हनला आट दिसात गुन येतो. तुमी खोटं तरी न्हाई बोलला."

 परत येताना मॅडम एसटीत डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

आता नळ्यांचे सांगते. चांगल्या फुप्फुसाच्या नळ्या एका ट्रेमध्ये, आजारी फुप्फुसाच्या दुसऱ्या. दोन्हींचे ब्रश वेगळे. आजारी नळ्यांचा ब्रश आठवडाभर वापरून जाळायचा, कारण त्यात पू असायचा. दिवाळीनंतर आजारी ट्रेचे ब्रश संपले. मागायला स्टोअरमध्ये जायला हवे होते. मी दारापर्यंत गेले. आत भाऊसाहेब चारपाच जणांत बसले होते. मला बघून म्हणाले, "या या, मौनीबाई. आज तरी तोंड उघडणार का?" सगळे हसले. मी परत आले.

मग मी आजारी नळ्या बोटाने धुवायला लागले. नळ्या रुंद होत्या, बोट आत जायचे. सोड्याने माझे हात फुटले होते, कातडीचे पापुद्रे निघायचे. त्या वर्षी पाणी तिसऱ्या दिवशी यायचे, म्हणून एकदाच पाणी फिरवून नळ्या वाळायला भट्टीत ठेवायची. दिसायला स्वच्छ दिसायच्या.

त्याच महिन्यांत मॅडमच्या पट्ट्यांवर तो वरचा डाग उमटायला लागला. आजारी फुप्फुसाच्या प्रत्येक नळीत. चांगल्यात नाही. रिकाम्या नळीत नाही. मॅडमनी मला बोलावून दाखवले. म्हणाल्या, "बघा कांताबाई, आहे." त्यांचे मार्गदर्शक सर खाली येऊन बघून गेले. पेढे आणले. मलाही दोन दिले. शिष्यवृत्ती मार्चअखेर संपत होती, त्याआधी प्रबंध द्यायचा होता. टायपिंगला पाने जायला लागली.

जानेवारीत मॅडम मुलांना शिकवत होत्या. मी मागे भट्टीपाशी होते. त्या म्हणाल्या, "नळीच्या आत हात लावायचा नाही. हाताचं तेल अल्कलीत निघून जाईल, पण आपल्या कातडीत सेरामाइड पुष्कळ असतं. ते जाणार नाही."

मी भट्टीचे दार लावले. ट्रे मोजला. परत उघडले आणि परत लावले.

अकरा दिवस मी कोणाला काही बोलले नाही. जेवत होते, झोपत होते, बोटानेच धुवत होते. एकदा वाटले, ब्रश आणून पुढच्या नळ्या नीट धुवाव्या. मग वाटले, पुढच्यात डाग आला नाही तर त्या विचारतील. बाराव्या दिवशी मॅडम रिकामी नळी घ्यायला आल्या आणि नेहमीसारखा हात चांगल्या ट्रेकडे नेला. पलीकडची घाण नको म्हणून त्या रिकामी नळी नेहमी त्याच ट्रेमधून घ्यायच्या.

मी म्हणाले, "मॅडम, रिकामी नळी त्या ट्रेमधली घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितले. मग माझ्या हातांकडे बघितले.  आजारी ट्रेमधली धुतलेली नळी घेतली आणि सगळी कृती केली. दुपारी पट्टी आयोडीनच्या पेटीत उभी केली. आम्ही दोघी समोर उभ्या होतो. आधी काही नव्हते. मग वरच्या बाजूला डाग आला. आजारी फुप्फुसांचा यायचा तसाच.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"बोटानं?"

"हो."

"आन् ब्रश?"

"संपले होते. भाऊसाहेब हसतात."

"हसतात म्हनून!" त्यांचा आवाज चढला. "तीन म्हैनं! लई मोठं काम केलंस बाई. माझ्या बापाच्या छातीत तुझी कातडी घातलीस." मग खुर्चीवर बसल्या. परत पुस्तकासारखे बोलल्या, "ट्रे खाली ठेवा. हात दुखतील."

दुसऱ्या दिवशी त्या सरांकडे गेल्या. मी बाहेर बाकावर बसले होते. मला काढून टाकतील असे वाटत होते, आणि त्याचे काही वाटत नव्हते. सरांचा आवाज मोठा होता, सगळे ऐकू येत होते.

"एका नळीनं काय होतंय? एवढा डाग वजा करा आणि लिहा."

"किती वजा करू सर? प्रत्येक नळीत वेगळं असेल."

"अहो, परीक्षक नळ्या बघायला येणार आहेत का?"

"मी बघितलीय ना."

"धुतं कोण ते?"

"तपासायचं काम माझं होतं. नळी मी एकाच ट्रेमधून घेत राहिले."

माझे नाव त्यांनी घेतले नाही. बाहेर येऊन म्हणाल्या, "चला." मला वाटले ऑफिसात नेतात. त्यांनी मला स्टोअरच्या दारात नेऊन उभे केले. भाऊसाहेब होते, आणखी दोघे होते.

"मागा," मॅडम म्हणाल्या.

मी खाली बघत राहिले.

"आज काय मौनीबाईंची मिरवणूक?" भाऊसाहेब म्हणाले.

मॅडम काही बोलल्या नाहीत. भाऊसाहेबांनाही नाही आणि माझ्यासाठीही नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी मी म्हणाले, "सहा ब्रश द्या. बारीक." भाऊसाहेबांनी दिले. वहीत सही घेतली. कोणी हसले की नाही ते माझ्या लक्षात नाही.

मार्चपर्यंत मॅडमना सातच आजारी फुप्फुसे मिळाली. नळ्या मीच धुतल्या, ब्रशने. त्यांनी दुसऱ्या कोणाला लावले नाही. रिकामी नळी आता दोन्ही ट्रेमधून घ्यायच्या, आणि तिचा डाग आता कुठल्याच ट्रेमधून येत नव्हता. सातांपैकी तिनांत डाग आला, चारांत नाही. टायपिंगला गेलेली पाने परत आणली. त्या सात पट्ट्यांवर त्यांनी चार पाने लिहिली आणि शेवटी लिहिले की यावरून सांगता येत नाही. सर म्हणाले, चार पानांवर पदवी मिळत नाही. ते खरेच होते.

त्यांना राहुरीकडे एका शाळेत नोकरी लागली. जायच्या दिवशी त्यांनी सगळ्या पट्ट्या कागदात गुंडाळून खोक्यात भरल्या. आयोडीनचे डाग उडून जातात, जुन्या पट्ट्या नुसत्या पांढऱ्या झाल्या होत्या. मी दोरी धरली, त्यांनी गाठ मारली.

मी विचारले, "मॅडम, ते खरं होतं का? आजाऱ्यात जास्त असतं ते?"

"माहीत नाही, कांताबाई," त्या म्हणाल्या. "तिनांत होतं. म्हणजे असेल. पण मला खात्रीनं दिसलं नाही." मग लूना चालू केली.

पुन्हा भेट नाही. त्यांच्या जागी दुसरे सर आले. त्यांचा विषय माती होता. मातीच्या नळ्या पाण्याने निघतात.