थांबवलेला सामना

सामना संपवण्याआधी मेश्राम मॅडम स्वतःची परतीची वाट बघून ठेवायच्या. खेळ शेवटाकडे आला की त्या हळूहळू मैदानाच्या त्या कडेला सरकायच्या, जिकडे त्यांची स्कूटी उभी असायची. चेंडू मधल्या पट्ट्यात आला, कुणाचाच हल्ला चालू नाही, अशी खात्री झाली की मग तीन शिट्ट्या. दोन आखूड आणि एक लांब. ती लांब शिट्टी विरायच्या आत हरलेल्या गावाचे लोक दोरी ओलांडून आत शिरलेले असायचे. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा मला गंमत वाटली होती. तसं बोललो, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, सामना सुरू कराले सारे हार घेऊन उभे राहते. संपवाले पंच एकटाच असते."

मोहाडीच्या आमच्या शाळेत त्या शारीरिक शिक्षण शिकवायच्या आणि मी मराठी. नाव कुंदा मेश्राम. जन्म आंधळगावचा, कॉलेज नागपूरचं. विद्यापीठाकडून फुटबॉल खेळलेल्या, पंचांची परीक्षा पास झालेल्या. बांधा ठेंगणा, चाल भराभर, आणि वर्षानुवर्षं मैदानावर ओरडून आवाज घोगरा झालेला. भाताची कापणी आणि मळणी उरकली की आमच्या तालुक्यात गावोगावी स्पर्धा लागतात. परीक्षा पास झालेला पंच जवळपास दुसरा नव्हता, म्हणून गावं त्यांना बोलवायची. बाई पंच म्हणून सुरुवातीला नाकं मुरडायची, पण बोलवायची. मला त्यांनी कडेचा झेंडा धरायला नेलं. मला खेळातलं फारसं कळत नाही, असं मी सांगितलं. "शिकवीन मी. मले असा माणूस पायजे, जो गोल झाल्यावर नाचत नाही," एवढीच त्यांची अट होती.

शिकवलं त्यांनी. सगळ्यात आधी वेळेचं शिकवलं. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची. डाव्या हातावरचं चालत राहायचं. उजव्या हातावरचं त्या थांबवायच्या. कुणी जखमी होऊन पडलं, खेळाडू बदलला, गोलकीपर चेंडू छातीशी धरून बुटाची नाडी बांधत बसला, की उजवा हात वर जायचा आणि त्या घड्याळावर बोट टेकवून सगळ्यांना दाखवायच्या. हाफ संपत आला की वाया गेलेला वेळ बोटांनी जाहीर करायच्या. लोकांना वाटायचं, तेवढी मिनिटं झाली की शिट्टी वाजलीच पाहिजे. मॅडम म्हणायच्या, "बोटं दाखवली तेवढा टाइम तर द्याच लागते. त्याच्यातबी कोणी झोपलं, तर अजून देईन. कमी कराचा अधिकार मले नाही, वाढवाचा आहे."

करडी गावी एका शालेय सामन्यात वेळ संपता संपता पेनल्टी मिळाली. डाव्या घड्याळाने केव्हाच वेळ पूर्ण केला होता. विरुद्ध शाळेचे गुरुजी धावत आत आले, "टाइम झाला, मॅडम, हे कायची पेनल्टी?" मॅडमनी त्यांना शांतपणे दोरीबाहेर नेलं. "गुरुजी, चूक टाइमात झाली. आता ते पेनल्टी मारल्याशिवाय हाफ संपत नाही. मंग सूर्य बुडला तरी चालते." पेनल्टी मारली गेली आणि गोल झाला. गुरुजी पुढे दोन वर्षं मॅडमशी बोलले नाहीत. मॅडमनी मात्र दर भेटीत त्यांना नमस्कार केला.

ज्या सामन्यानंतर त्यांनी पंचगिरी सोडली, तो फेब्रुवारीच्या अखेरीचा. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथे दोन संघांचं जुनं वैर होतं. एक वैनगंगेच्या काठच्या पोरांचा, एक मोठ्या तलावाच्या बाजूच्या पोरांचा. आम्ही त्यांना नदीकडचे आणि तलावाकडचे म्हणायचो. आदल्या वर्षी यांच्या सामन्यात पंचाने वेळेआधी खेळ संपवला, असा बोभाटा होऊन त्याचं डोकं फुटलं होतं. त्यामुळे अंतिम सामन्याला हेच दोघे समोरासमोर आल्याचं कळलं, तेव्हा मी मॅडमना म्हणालो, "या खेपेला नाही म्हणा." त्यांनी होकारार्थी मान हलवली, पण गावाला नाही म्हटलं नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. नदीकडचे दोघे होते. "मॅडम, उद्या टाइमचं जरा सांभाळून घेजा," त्यातला मोठा म्हणाला. "मागच्या सालचा पंच कसा गेला, मालूम आहे ना तुमाले?" थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूचे आले. शब्द जवळजवळ तेच. मी घाबरलो. मॅडम डबा खात होत्या. "दोघंबी येऊन गेले, बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकच आला असता तर मले भेव वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा हवा कोंदट झाली होती. झाडाचं पान हलत नव्हतं. मैदान म्हणजे धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, सपाट करून केलेली मोकळी जागा, दोन टोकांना लोखंडी पाइपांचे गोलपोस्ट आणि त्यांना ढिवरांकडून मागून आणलेली मासे धरायची जाळी. कडेला मांडव आणि भोंगा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर माणसं लगडली होती. मॅडमनी मैदान पाहिलं नाही, पश्चिमेकडे पाहिलं. तलावापलीकडे आभाळ निळंकाळं झालं होतं. सकाळपासून मोबाइलवर विजांचा इशारा येत होता. त्यांनी समितीच्या अध्यक्षांना विचारलं, "जवळची शाळा उघडी आहे का?"

"शाळा कायले, मॅडम? खेळ इथं आहे."

"चाबी मागवा. शाळा उघडल्याशिवाय मी सामना सुरू करत नाही."

अध्यक्ष हसले, पण चावी आली. शाळेची दारं उघडली, मगच मॅडमनी चेंडू मधोमध ठेवला.

पहिल्या हाफमध्ये नदीकडच्यांनी एक गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये ते तो सांभाळत बसले. त्यांचा गोलकीपर पंकज, उंच, हसरा पोरगा, विटांच्या भट्टीवर भावाबरोबर काम करायचा. चेंडू हातात आला की तो सोडतच नव्हता. मॅडम उजव्या घड्याळावर बोट टेकवत, तसा तो दुरूनच हात जोडायचा. तलावाकडची माणसं खवळत चालली होती. भोंग्यावरचा माणूस दर दोन मिनिटांनी "शांतता राखा" म्हणत होता, आणि त्याच्या आवाजावरून कळत होतं की तोच घाबरला आहे. तलावाकडच्या एका पोराचा पाय मुरगळला, त्यात बराच वेळ गेला. शेवटी मॅडमनी जादा वेळेची बोटं वर केली, तेव्हा एका बाजूने टाळ्या आल्या आणि दुसऱ्या बाजूने शिव्या.

जादा वेळ सुरू झाला आणि वारा आला. गार, मातीचा. मांडवाची कनात फडफडू लागली. तलावाकडच्यांनी नेट लावून हल्ला केला, चेंडू कुणाच्या तरी पायाला लागून बाहेर गेला. कॉर्नर. त्याच वेळी वीज चमकली. मला मॅडमचे ओठ हलताना दिसले. वीज आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद त्या मोजत होत्या. फार मोजावे लागले नाहीत.

त्यांनी एकच शिट्टी दिली. लांबलचक. मग दोन्ही हात हलवत ओरडल्या, "मैदान खाली करा! शाळेत जा! झाडाखाली थांबू नका!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग तलावाकडचा कप्तान त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. रडकुंडीला आला होता. "मॅडम, कार्नर आहे आमचा. एक कार्नर मारू द्या. तुमी कधी कार्नर असताना खेळ थांबवत नाही."

"थांबवत नाही," मॅडम म्हणाल्या. "आज थांबवला. वीज गेली का इथूनच सुरू करू. कार्नर तुमचाच राहीन."

"आन् पाणी आलं तर?"

"तर उद्या."

नदीकडचे ओरडू लागले, "उद्या कायले? तीन शिट्ट्या मारा, संपवून टाका! जिंकलो आमी!" कुणीतरी मॅडमच्या खांद्याला धक्का दिला. त्यांनी खाली वाकून चेंडू उचलला, काखेत धरला आणि मला म्हणाल्या, "सर, बाया आन् लेकरं घेऊन तुमी पुढं व्हा. तुमच्यामागं येतीन ते." मी झेंडा टाकला आणि ट्रॉल्यांवरच्या बायका-मुलांना हाका मारत निघालो. बरीच माणसं आली. खेळाडूंपैकीही काही आले. मॅडम चेंडू घेऊन सगळ्यांच्या मागे चालत होत्या, सारखं वळून बघत होत्या, हाताने बोलावत होत्या.

आम्ही शाळेच्या व्हरांड्यात पोचलो तेव्हा भोंगा वाजला. अध्यक्षांचा आवाज होता. "बाई घाबरल्या. घाबरू द्या. सामना पूर्ण होईन. जुने खेळाडू शिट्टी घेऊन राहिले आहेत." आदल्या दिवशी फाटकाशी आलेल्या नदीकडच्या दोघांतला मोठा, तोच शिट्टी घेऊन आत उतरत होता. मांडवातून दुसरा चेंडू आला. मॅडम ओरडल्या, पण वाऱ्याने आवाज नेला. त्यांनी काखेतला चेंडू माझ्याकडे टाकला आणि परत मैदानाकडे पळाल्या.

कॉर्नर मारला गेला. पंकज उडी मारायला पोस्टपाशी सरकलेला मला दिसला. मग सगळं पांढरं झालं, आणि आवाज असा आला की व्हरांड्यातली मुलं एकदम खाली बसली. डोळे उघडले तेव्हा पोस्टपाशी तिघे पडले होते. दोघे उठले. पंकज उठला नाही.

मॅडम सर्वांत आधी पोचल्या. बाकीचे लांब उभे होते, हात लावायला कुणी धजत नव्हतं. पाऊस कोसळत होता आणि त्या गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबत होत्या, तोंडाने श्वास देत होत्या, पुन्हा दाबत होत्या. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. भंडाऱ्याच्या वाटेत तो गेला.

चार दिवसांनी पोलिसांनी बयान घेतलं. तोवर गावात नवीच कथा फिरू लागली होती. समिती म्हणत होती, पंचबाईंनी तीन शिट्ट्या वाजवल्या नव्हत्या, म्हणजे सामना संपला नव्हता, म्हणजे मैदान त्यांच्याच ताब्यात होतं, आणि त्या मैदान सोडून गेल्या. शाळेतल्या सगळ्यांनी मॅडमना समजावलं. मीही समजावलं. "सामना संपवला होता असं सांगा. संपल्यावर कोण काय खेळलं, त्याच्याशी तुमचा संबंध नाही."

"सर, संपवला असता तर नदीकडचे जिंकले असते. मी तसं केलं नाही. मी थांबवला."

"आता कोण जिंकलं ते कोण विचारतंय?"

त्या म्हणाल्या, "जे मी केलं नाही, ते कसं सांगू?"

बयानात त्यांनी तेच सांगितलं. थांबवला होता, संपवला नव्हता. नैसर्गिक आपत्ती म्हणून पोलिसांनी प्रकरण मिटवलं. गावाने मिटवलं नाही. शाळेच्या भिंतीवर कुणीतरी त्यांच्या नावाने घाण लिहिलं. पालक येऊन मुख्याध्यापकांना भेटू लागले. जूनमध्ये मॅडमनी स्वतःच बदली मागितली आणि त्या संस्थेच्या दूरच्या एका शाळेत गेल्या. तिथे त्या मुलांना कबड्डी शिकवतात. फुटबॉलचं विचारलं, तर विषय बदलतात.

पण जाण्याआधी एका रविवारी त्या म्हणाल्या, "पंकजच्या घरी जाचं आहे. येता का?" मला जाऊ नये असं वाटत होतं. तिथे काय होईल ते सांगता येत नव्हतं. नदीकडच्या वस्तीत आम्ही शिरलो तशी माणसं दारादारात येऊन उभी राहिली. पंकजच्या घरापर्यंत ती आमच्या मागे मागे आली आणि अंगणाबाहेर थांबली. आत त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. बाजूला मोठा भाऊ उभा होता, हाताच्या मुठी आवळलेल्या.

मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण आधी आईच बोलली.

"तुमीच का बाई त्या?"

"हो, माय."

"एक सांगा मले. तलावाकडचे पोट्टे म्हणून राहिले, माह्या पोरानं मरतानी गोल खाल्ला. बॉल जाळ्यात होता म्हणते. खरं आहे का?"

भाऊ एक पाऊल पुढे आला. मॅडमनी आईचा हात हातात घेतला. त्यांचा घोगरा आवाज अंगणाबाहेरच्या माणसांपर्यंत स्पष्ट ऐकू गेला.

"नाही, माय. तो गोल धरतच नाही. मी सामना थांबवला होता, त्याच्यानंतर झालं ते. थांबवला तवापर्यंत तुमच्या पोरावर एकबी गोल झाला नव्हता. हे मी पोलिसालेबी सांगितलं, कागदावर सही करून."

आईने हात सोडवून घेतला नाही. दाराकडे वळून ती मोठ्या मुलाला म्हणाली, "आइकलं? बाहेर जाऊन सांग सार्‍याइले." तो मुठी सोडून अंगणात गेला.