वाळवंटातल्या चर्चमध्ये भरलेली घागर

असं लांबून काय वाचता, जरा जवळ सरका की. आणि एक बोलते, राग मानू नका... तुम्ही पोरं-पोरी इथे ह्या ग्रुपवर रोज भुताखेताच्या गोष्टी वाचता आणि मग लाइट चालू ठेवून झोपता. मी अमळनेरची, सत्तरी ओलांडलेली बाई. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. सासरी ज्या चिंचेखालून जायला बाया घाबरायच्या, तिथे मी गोवऱ्या थापायचे. तेव्हा हे काही तुम्हाला भेवडवायला लिहीत नाहीये.

माझा मुलगा दिनेश सुरतेला कामाला होता. दिवाळीला यायला गाडीत बसला, "माय, जागा मिळाली" असा फोनही आला, आणि अमळनेरला तो उतरलाच नाही. पोलीस झाले, स्टेशना-स्टेशनावर फोटो लावून झाले. बरीच वर्षं झाली आता.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरून पुजतात. वर खरबूज, सांजोरी. आमच्या ह्यांची घागर मी दरवर्षी भरते. दिनेशची कधी भरली नाही. माझी जाऊ दर आखाजीला म्हणायची, "अक्का, भरी टाका ना आते. पोऱ्या तठे तहानेला राहस." पोरगा तिकडे तहानलेला राहतो, असं तिचं.

मी म्हणायचे, "जित्या माणसाची घागर भरतात का गं?"

मग पुरणपोळ्या ताटात तशाच राहायच्या.

गेल्या वर्षी मुलगी वैशाली मला तिच्याकडे अमेरिकेला घेऊन गेली. ॲरिझोना म्हणतात, नुसतं वाळवंट. लाल माती, विजेच्या खांबाएवढाले निवडुंग. मी म्हटलं, "एवढं विमानात बसवलंस, आणि ऊन दाखवलंस ते आपल्या जळगावचंच."

"आई, तू चल तर," म्हणाली, आणि एका रविवारी दुपारी गाडीतून त्या चर्चला नेलं. कॅथलिक लोकांचं, छोटंसंच. पण बांधलंय काय... लाल खडकाच्या टोकावर दोन उंच भिंती, हात जोडल्यासारख्या वर जवळ येतात, पण एकमेकींना टेकत नाहीत. मधल्या फटीतून उन्हाची एक पट्टी खाली फरशीवर. समोर सगळी काच, काचेपलीकडे वाळवंट.

आत लोक लाल पेल्यांत मेणबत्त्या लावत होते. मी वैशालीला विचारलं, "हे जित्यासाठी की गेलेल्यासाठी?"

ती म्हणाली, "दोन्हीसाठी लावतात आई. इथे कुणी विचारत नाही."

कुणी विचारत नाही, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. दिनेशच्या नावाने एक लावली आणि बाकावर बसले.

आणि तेव्हा पाण्याचा आवाज आला.

नळाखाली घागर लावली की कसं होतं, माहीत आहे ना? आधी जाड आवाज, मग पाणी चढेल तसा बारीक बारीक होत जातो. अगदी तोच. दिनेश लहान असताना नळ आला की घागरी तोच भरायचा. डोळे मिटून, नुसता आवाज ऐकत. गळ्याशी पाणी आलं की नळ बंद करायचा, थेंब सांडू द्यायचा नाही, आणि ओरडायचा, "माय, भरनी!" म्हणजे भरली.

आवाज बारीक होत गेला... गळ्याशी आला... आणि थांबला. मी हाकेची वाट पाहत राहिले. हाक काही आली नाही.

मला वाटलं, म्हातारीच्या कानांचे खेळ. तेवढ्यात वैशालीने माझा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "आई, दादासारखी भरली ना गं कुणीतरी?"

मी तिला काही बोललेच नव्हते.

तिथे देखरेखीला एक बाई होत्या. वैशालीने त्यांना नळाचं विचारलं. त्या म्हणाल्या, इथे वर पाण्याची लाइनच नाही, प्यायचं पाणीसुद्धा खालून कॅनमध्ये आणतो.



आखाजीच्या आधी मी घरी आले. कुंभाराकडून या वेळी दोन घागरी आणल्या. जाऊने बघितल्या आणि तोंडाला पदर लावला. ह्यांची भरली. मग दुसरी नळाखाली लावली आणि डोळे मिटून ऐकत बसले. आवाज बारीक होत गळ्याशी आला, तशी मी तोटी फिरवली.

ओरडून सांगायला तो नव्हता. मीच म्हटलं, "भरनी रे दिनेश."

तो आवाज कसला होता, मला आजही सांगता येत नाही. वैशालीलाही नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा... पण इथे लिहून नको, घरी येऊन सांगा. अमळनेर स्टेशनापासून लांब नाही मी. उन्हाचे आलात तरी चालेल, घरात गार पाणी असतं. पण लवकर या, माझ्या नावाची घागर भरायची वेळ यायच्या आत.